शेटजी रविवारपर्यंत जगला पाहिजे

मासे आपोआप मरत नाहीत, माणसं मारतात. सोळा वर्षं हे वाक्य मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकत आलेय. नाशकात, द्वारका चौकात, उड्डाणपुलाखाली, बॅटरीवाल्याच्या शेजारी माझं फिश टँकचं दुकान आहे. मी पल्लवी. तोंडाची फटकळ आहे, असं माझा नवरा म्हणतो, नणंद म्हणते, आणि गिऱ्हाइकं तर पाठ फिरली की म्हणतातच. म्हणेनात का! एकाने टाकी भांड्यांच्या साबणाने घासली, चकाचक केली, आणि माशांनाही चकाचक वर पाठवलं. एक बाई एकादशीला माशांना साबुदाणा घालायची. आता अशा माणसांची काय आरती ओवाळायची? कुणी मेलेला मासा घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "काय केलंत?" दहातल्या नऊ वेळा पाच मिनिटांत गुन्हा कबूल होतो.

दहावा माणूस म्हणजे झुंबरनाना. त्यांची गोष्ट सांगायला बसलेय खरी, पण आधीच सांगून ठेवते, तिच्यात माझं काही चांगलं दिसणार नाही.

आषाढातला रविवार होता. सकाळचे आठ. मी शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात नाना वाकून आत आले. पांढरा लेंगा, सदरा, डोक्यावर टोपी, आणि बोटं झेंडूने पिवळी झालेली. सायखेड्याला त्यांची एकरभर फुलशेती. पहाटे फुलं बाजारात द्यायची आणि मग पुढचं काम, असा त्यांचा शिरस्ता. त्यांनी हळदीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. मला वाटलं, कुठला तरी प्रसाद. मी चांगला उजवा हात पुढे केला, पान उघडलं, आणि आत मासा.

"अहो नाना, हे काय?"

"ताई, आस्साच पायजे. लाल टोपीचा. आत्ताच पायजे. साडेनवाला पोरीला आणायला जायचंय."

मासा मी ओळखला. पांढराशुभ्र गोल्डफिश, डोक्यावर लालभडक टोपी, आणि डावा पर थोडा आखूड. तो मीच विकला होता, नानांच्या मुलाला, धनराजला. त्याच्या पोरीच्या, वेदिकाच्या, चौथ्या वाढदिवसाला. मला ते आजही दिसतं. दुचाकीवर धनराज, मागे बायको सायली, तिच्या मांडीवर दोन फुटी टाकी, आणि पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसलेल्या वेदिकाच्या हातात माशांची पिशवी. मी ओरडले होते, "अरे पडाल चौकात, रिक्षा करा की!" तिघंही हसत निघून गेले. पोरीने त्या माशाचं नाव शेटजी ठेवलं, कारण तो लाल टोपी घालून पोट पुढे काढून फिरायचा.

त्याच हिवाळ्यात धनराजची गाडी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना काही. धनराज गेला. आठ महिन्यांनी त्याची आई, चिमणाबाई, तीही गेली. सायली पोरीला घेऊन माहेरी सिडकोत आली आणि एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला लागली. भांडण नाही, कोर्ट नाही. तोंडी ठरलं ते एवढंच: महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी नानांनी येऊन वेदिकाला न्यायचं आणि दिवेलागणीच्या आत आणून सोडायचं. टाकी सायखेड्यालाच राहिली. माहेरच्या दीड खोलीत ती ठेवणार कुठे?

आणि पोरगी जायची ती शेटजीसाठी. खोटं कशाला बोलू? सहा वर्षांच्या लेकराला एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याकडे दिवसभर काय करमणार? नानांना गोष्टी सांगता येत नाहीत, खेळता येत नाही, मोबाईल साधा. पण टाकीपुढे पाट टाकून ती दुपारभर बसायची, शेटजीला शाळेतलं सगळं सांगायची, आणि मागे बसून नाना ते ऐकायचे. बायको, मुलगा, सगळं गेलेल्या त्या माणसाकडे ते दोन रविवार उरले होते. शेटजी रविवारपर्यंत जगला पाहिजे, म्हणजे पोरगी येईल. एवढा साधा हिशोब होता.

तर त्या दिवशी मी त्यांना झापलं. "खायला जास्त घातलं असणार. नातीचे लाड माशावर!" ते म्हणाले, "नाय ताई, तुम्ही सांगितलं तेवढेच दाणे. मोजून." मग मी दुसरा लाल टोपीवाला शोधून दिला. पिशवी त्यांनी फुलांच्या रिकाम्या पाटीत ठेवली, वर ओलं फडकं टाकलं, आणि नातीला आणायला गेले. घरी पोचल्यावर पोरीला हातपाय धुवायला पाठवायचं आणि तेवढ्यात मासा टाकीत. मी म्हटलं, "पंधरा मिनिटं पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवा हं, एकदम सोडू नका." ते म्हणाले, "मग पोरीला काय सांगू?" मी म्हटलं, "शेटजी अंघोळीला बसलेत म्हणावं." ते हसले. नानांना मी हसताना पाहिलं ते तेवढंच.

पंधरा दिवसांनी परत हळदीचं पान.

मग मात्र मी इरेला पेटले. टाकीचं पाणी कुठलं? बोअरचं, दोन दिवस बादलीत ठेवलेलं. फिल्टर? धुतलेला, साबण न लावता. शेतातल्या फवारणीची औषधं घरात ठेवता? नाही, मळ्यातल्या खोलीत. फवारून आल्यावर टाकीत हात? मुळीच नाही. घराला रंग दिला? नाही. डासांची कॉइल, मशीन? "छ्या! पोरीला कॉइलनं खोकला येतो, कवाच बंद केली." माणूस इतका आज्ञाधारक की माझाच संताप व्हायला लागला. चूक करणाऱ्याला शिव्या देता येतात. न करणाऱ्याला काय देणार?

त्यांनी बाटलीत टाकीचं पाणी आणून दिलं. त्यात मी दुकानातला एक मासा चार दिवस ठेवला. मजेत होता. मीठ दिलं, औषध दिलं, मासे कमी केले. चौदा-चौदा दिवस मासे ठणठणीत राहायचे आणि पोरगी यायच्या दिवशी पहाटे उलटे. मी आपली गंमत केली, "तुमच्या माशांना कॅलेंडर वाचता येतं वाटतं, नाना!" ते म्हणाले, "मलाबी तेच वाटतंय, ताई. ती यायची म्हणलं का मरत्यात. माझ्या नशिबाला खपत नाय." जिभेला हाड नाही ते नाही, पण मेंदू तरी असावा ना! कॅलेंडरची गोष्ट मीच बोलले आणि मीच तिच्यावर विचार केला नाही.

विचार कशाला करू? माझं उत्तर तयार होतं. हवा. आमच्या धंद्यात काही कळलं नाही की हवा वाढवायची. गोल्डफिशला हवा लागतेच, त्यात खोटं काही नाही. ते पहिलं पान यायच्या आधी, आषाढातच, एकदा रात्रभर लाईट गेली होती, एअर पंप बंद पडला, आणि नानांना पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले होते. तेव्हा त्यांनी फोन केला आणि मी हुकूम सोडला, "पंप इन्व्हर्टरवर घ्या. आणि पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंप जळेल. हवा एक मिनिटही बंद पडता कामा नये." त्यांनी तसंच केलं. लांब नळीही माझ्याकडूनच नेली, तीन मीटर. कशाला एवढी लांब, हे मी विचारलं नाही.

गणपती झाले, नवरात्र आलं. तोवर सात शेटजी झाले होते. मी त्यांना मोठा पंप दिला, दोन नळ्यांचा, पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसेल असा. "आता मेला मासा तर नाव बदलेन," असं ठणकावून सांगितलं. आमच्याकडे म्हणतात ना, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसली माझी डॉक्टरकी.

पुढच्या रविवारी आठ वाजता पान आलं ते मोठं होतं. आत टाकीतले तिन्ही मासे होते. पूर्वी एखादा तरी वाचायचा.

"मोठा पंप लावला होता ना?"

"लावला. लय जोरात चालला रातभर."

त्या दिवशी नेमका माझ्याकडे लाल टोपीवाला नव्हता. मुंबईचा माल दहाला येणार होता. मी म्हटलं, "नाना, तुम्ही पोरीला घेऊन या, तिला शेजारी बॅटरीवाल्याकडे बसवा, मी गुपचूप पिशवी पाटीत ठेवते." असली फसवाफसवी म्हणजे नाही म्हटलं तरी मला मजा वाटत होती. माणूस किती मूर्ख असतो बघा.

दहाला ते आले. वेदिका खुर्चीवर बसली, पण लेकरू ते, दारात माशांची टाकी दिसल्यावर बसेल का? मी पिशवीत हवा भरून गाठ मारतेय, नाना पाटी पुढे धरून उभे आहेत, आणि ही मधूनच आत. दोन वेण्या, निळा फ्रॉक, समोरचा एक दात पडलेला. काउंटरवर ते हळदीचं पान तसंच पडलं होतं. मी ते उचलायच्या आत तिने उघडलं.

तिने एका लाल टोपीवर बोट ठेवलं.

"हा शेटजी आहे," ती म्हणाली.

"नाय गं," नाना म्हणाले, "ह्यो दुसराच. शेटजी घरी हाय."

"मग ह्या पिशवीत कोण आहे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीची गाठच आवळत राहिले.

"मागच्या वेळचा पण शेटजी नव्हता," वेदिका म्हणाली. ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "त्याच्या टोपीवर काळा ठिपका होता. आणि त्याच्या आधीच्याचा पर आखूड नव्हता. मला माहीत होतं. मी बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"बाळा, मासेच ते..." मी काहीतरी बोलायला गेले.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बोटं मोजत ती आजोबांना म्हणाली, "पप्पा मेले. आजी मेली. शेटजी तर किती वेळा मेला. आजोबा, तुमच्या घरी सगळे मरतात. मला नाही यायचं."

नाना पाटी घेऊन तसेच उभे राहिले. मला वाटलं, रागावतील, समजावतील, निदान जवळ घेतील. ते म्हणाले, "बरं. आइसक्रीम खाती का?" ती नको म्हणाली. मग त्यांनी तिचा हात धरला आणि सिडकोच्या रिक्षाकडे निघाले. रिकामी पाटी माझ्या दुकानातच राहिली.

पुढच्या रविवारी ते पाटी न्यायला आले. मी विचारलं, "आली होती का?" म्हणाले, "तिचा रविवार पुढच्या हप्त्यात. सूनबाई म्हणली, नाय म्हणत्ये तर जबरदस्ती नको. बरोबर हाय तिचं." मग म्हणाले, "पण ताई, मासे जगले तर ती येईल. दोन-तीन महिने जगले, की सूनबाईला दाखवू, बघ, आता मरत नाय. लेकराच्या मनातलं तेवढं निघालं का बास झालं. तुम्ही एकदा घरी येऊन बघता का?"

मी कुणाच्या घरी जात नाही. नाशकातच जात नाही, तर सायखेडा! पण ती पाटी आठवडाभर माझ्या डोळ्यांपुढे होती. नाना पुढे म्हणाले, "देव तारी त्याला कोण मारी म्हणत्यात. देवाचं मी बघतो, तुम्ही पाण्याचं बघा." शनिवारी दुपारी दुकान नवऱ्याच्या गळ्यात बांधलं, तीन लाल टोपीवाले पिशवीत घेतले, आणि स्कूटीवर गेले.

घर नदीपासून फार लांब नाही. भिंतीवर कंबरेच्या वर मळकट रेघ, पुराच्या पाण्याची. पूर येऊन गेल्यावर नानांनी विजेचे सगळे बोर्ड डोक्याइतके वर घेतले होते. दोन खोल्या, झाडलेल्या, पुसलेल्या. टाकी उंच टेबलावर, काच इतकी स्वच्छ की मी माझ्या दुकानात ठेवत नाही. टेबलापुढे तो लहान पाट. मी पाणी पाहिलं, वास घेतला, फिल्टर उघडला, वाळू ढवळली. काही नाही. मासे सोडले. ते लगेच इकडेतिकडे फिरायला लागले. दोन्ही नळ्या टाकीतून निघून भिंतीने वर गेल्या होत्या आणि दाराच्या चौकटीवरून पलीकडच्या खोलीत. पंप तिकडे असेल, असला तर काय बिघडलं, असं मनात म्हणून मी खुर्चीत बसले. नानांनी चहा केला.

"उद्या तिसरा रविवार," ते म्हणाले. "सूनबाईनी नाय सांगितलंय. पण न जाणो, सकाळी पोरीचं मन झालं तर? आपली तयारी पायजे."

दिवेलागण झाली तसे ते उठले. हातपाय धुतले, टोपी नीट केली आणि आतल्या खोलीत गेले. मला खोबऱ्याच्या करवंटीचा आणि गोवरीचा जळका वास आला. धुपाटण्यात निखारे फुलवत होते. मग ऊद, राळ, कापूर. धूर दाटायला लागला. खोकत मी दारात गेले, आणि तिथून पाहिलं.

समोर देव्हारा. त्याच्याशेजारी भिंतीत कोनाडा. कोनाड्यात देवाच्या दिव्यासाठी काढलेला बोर्ड, इन्व्हर्टरवरचा तेवढा एकच. आणि त्या बोर्डाला लावलेला माझा पंप, मोठा, दोन नळ्यांचा, लाल फडक्यावर ठेवलेला. बरोबर त्याच्या खाली, जमिनीवर, नाना धुपाटणं ठेवत होते. खिडक्या बंद. मग त्यांनी कागदाच्या पुडीतून चार काळ्या वड्या काढल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. त्यांचा वास उदाचा नव्हता. डोळ्यांना झोंबणारा होता.

"नाना, ह्या कसल्या?"

"धुपाच्याच. आठवडे बाजारात मिळत्यात. देवाचं देवाला होतं आन् डासबी मरत्यात." ते हात जोडूनच बोलत होते. "आषाढात पोर येऊन गेली, तिला लय डास चावले. अंगावर गांधी उठल्या. सूनबाईचा फोन आला, आसं असल तर कशी पाठवू? तवापासून ती यायच्या आदल्या सांजेला मी सगळं घर धुपून घेतो. डास राहत नाय. आन् देवाला सांगतो, बाबा, उद्या तिला येऊ दे."

पंपाच्या पोटाखाली भोक असतं. तिथून तो खोलीतली हवा ओढतो आणि नळीतून पाण्यात सोडतो. खोलीत असेल ती हवा, तो काही निवडत बसत नाही. डास मारायच्या औषधाने डास मरतात, आणि मासा तर त्याच्या कितीतरी पट लवकर मरतो. हे मला सोळा वर्षं माहीत आहे. मी त्यांना कॉइल विचारली होती, मशीन विचारलं होतं. धूप विचारला नव्हता, कारण धुपाला कुणी औषध समजत नाही. मीसुद्धा घरी लावतेच की.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. आणि मग माझी जीभ सुटली. "अहो, तुम्हीच मारताय! हा सगळा धूर पाण्यात जातोय! सगळे तुम्हीच मारलेत, नाना, स्वतःच्या हाताने! कुणी सांगितलं होतं पंप इथे ठेवायला?"

नाना वळले. धुरात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तुम्ही म्हणल्या व्हत्या ना, ताई, लाईट गेली तरी बंद पडायला नको. इन्व्हर्टरचा बोर्ड ह्यो एकच हाय. आन् पाण्याच्या वर पायजे म्हणल्या. देवाच्या डोक्यावर कसं ठेवणार, म्हणून शेजारी ठेवला."

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. विचारलं, म्हणून सांगितलं. मला वाटलं, ह्या धुरातच मी नाहीसं व्हावं. पंप मी सांगितला, उंची मी सांगितली, नळी मी विकली, आणि काही जमेना तेव्हा दुप्पट धूर ओढणारा पंप मीच दिला. सोळा वर्षं लोकांना विचारत होते, काय केलंत. आता मला कुणी विचारायला हवं होतं.

मी मासे बादलीत काढले, टाकी उपसली. नाना खालीच बसले होते. म्हणाले, "पण मी तर ती यावी म्हणून करत व्हतो." मग उठले, धुपाटणं उचलून बाहेर नेलं आणि झेंडूच्या वाफ्यात पाणी सोडलं होतं त्यात पालथं केलं. परत येऊन मला म्हणाले, "चिमणाबाई आसती तर तिच्या ध्यानात आलं आसतं. धूप तीच करायची. मला त्यातलं काय कळतंय?"

पंप आम्ही टाकीच्या खोलीत आणला. मी गावातल्याच वायरमनला बोलावून तिथे इन्व्हर्टरचा बोर्ड काढून घेतला. अर्ध्या तासाचं काम. आषाढात केलं असतं तरी अर्ध्याच तासाचं.

घरी येऊन मी सायलीला फोन केला. सगळं सांगितलं, माझी चूकही लपवली नाही. म्हटलं, पोरीला समजावून सांग, आजोबांच्या घरात काही वाईट नाही, ते धुराने झालं, आता एकही मरणार नाही. सायलीने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मी सांगेन तिला," ती म्हणाली. "पण ती आता झोपेत दचकते. म्हणते, आजोबांकडे गेले की आता माझा नंबर. सहा वर्षांची आहे हो ती. मासे धुराने मेले, हे मी सांगेन. पप्पा कशाने गेले, आजी कशाने गेली, ते कसं सांगू? आणि माझं लग्न ठरलंय. जळगावला. माणूस चांगला आहे, तिला सांभाळेन म्हणतो. दिवाळीनंतर आम्ही जातोय. नानांना मी अजून सांगितलेलं नाही. माझा धीर होत नाही."

तिचं चुकत नव्हतं. कुणाचंच चुकत नव्हतं, आणि तरी सगळं मातीत गेलं होतं. नानांना ते तिनेच नंतर सांगितलं, रडत रडत. त्यांनी तिला साडी केली, येवल्याहून आणून. पोरीसाठी काही पाठवलं नाही. माझ्या हातचं नको, असं म्हणाले.

ह्याला आता दीड वर्ष झालं. सुरुवातीला सायली महिन्यातून एकदा फोन लावून द्यायची. वेदिका "कसे आहात" एवढं म्हणायची. नाना म्हणायचे, "शेटजी लय मोठा झालाय." ती म्हणायची, "बरं." मग फोन कमी झाले.

आणि मासे? त्या शनिवारी मी सोडलेले तिन्ही जिवंत आहेत. एकाला साधा आजार नाही. हाताच्या पंजाएवढे झालेत, परवा मी जाऊन पाहून आले. नाना अजूनही दर शनिवारी काच पुसतात. पाट टाकीपुढेच असतो. पलीकडच्या खोलीत देव्हाऱ्यापुढे दिवा लावलेला नव्हता. मी विचारलं नाही.

ह्या रविवारी आठ वाजता ते दुकानात आले. हातात पान नव्हतं, दाणे न्यायचे होते. मी पुडा दिला. ते जायला वळले आणि थांबले.

"ताई, एक इचारायचं राहिलं. ह्ये गोल्डफिश किती वर्षं जगत्यात?"

मी फटकळ बाई, खोटं बोलायची सवय नाही. "नीट ठेवले तर दहा वर्षं सहज, नाना. पंधरासुद्धा."

त्यांनी मान हलवली. पुडा सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"आता एकबी मरत नाय," ते म्हणाले. मग शटरखालून वाकून बाहेर पडले आणि सायखेड्याच्या एसटीकडे चालायला लागले.